क्रोम क्रॅश झालं नव्हतं: ब्राउझरमध्ये शूटर खेळताना या चुका टाळा

शनिवारी रात्री साडेनऊला आमची सात-आठ जणांची टोळी क्रंकर या ब्राउझरमध्ये खेळायच्या बंदुकांच्या गेमवर जमते. कोणी नाशिकचा, कोणी लातूरचा, कोणी कराडचा, आणि एक जण शिकायला जर्मनीत गेलेला. वयाने मी सगळ्यांत मोठा, म्हणून मी दादा. दादा म्हणजे ज्याला मॅचच्या मध्यात 'लॅग येतोय' एवढं सांगून मोकळं होता येतं तो माणूस. तीच तीच रड ऐकून आणि तीच तीच उत्तरं देऊन माझा घसा बसलाय. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

ब्राउझरमधल्या गेमला डाउनलोड नाही, इन्स्टॉल नाही. लिंक दाबली की बंदूक हातात. त्यामुळे सेटिंग्ज उघडून बघायची तसदी कोणी घेत नाही. पण गेम तिथे भाडेकरू असतो. घर ब्राउझरचं. कोणतं बटण कोणाचं, कधी झोपायचं, किती वीज जाळायची हे घरमालक ठरवतो, आणि निम्म्या तक्रारी या भाडेकराराच्या असतात.

वाकायला कंट्रोल ठेवणे

आमच्यातला नाशिकचा पोरगा तेव्हा बारावीत होता. नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे. हार्डपॉइंट (ठरलेली जागा ताब्यात ठेवायचा प्रकार) चालू होता, शेवटची चाळीसेक सेकंदं, आम्ही जेमतेम पुढे. हा दारात वाकून बसलेला. 'दादा, येऊ दे त्याला, मी घेतो,' म्हणाला आणि यादीतून त्याचं नाव गायब. मॅच गेली. 'क्रोम क्रॅश झालं,' तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारी दोनदा. गडी इरेला पेटला. क्रोम काढून पुन्हा टाकलं. वडिलांच्या मागे लागून रॅम वाढवून घेतली, ४ जीबीची ८ जीबी. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने 'व्हायरस असेल' म्हणून फॉरमॅट मारला, त्यात बहिणीचा कॉलेजचा प्रोजेक्ट उडाला, घरात आठवडाभर अबोला. आणि शनिवारी पुन्हा 'क्रोम क्रॅश'.

शेवटी मी त्याला म्हटलं, फोन कीबोर्डवर धर आणि व्हिडिओ कॉल लाव. दोन मिनिटांत दिसलं. करंगळी कंट्रोलवर, मधलं बोट डब्ल्यूवर. वाकून पुढे सरकायचं म्हणजे कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबायचं, आणि ब्राउझरच्या भाषेत त्याचा अर्थ 'हा टॅब बंद कर'. त्याच्याकडे एकच टॅब उघडा असायचा, त्यामुळे टॅबबरोबर अख्खी खिडकी मिटायची आणि क्रॅश झाल्यासारखं वाटायचं. बाकीचे टॅब बंद करून खेळ, गेम हलका चालेल, हा सल्ला त्याला कोणी दिला होता? मीच.

गंमत पुढेच आहे. क्रंकरमध्ये वाकायला मुळात शिफ्ट असतं. उडी मारायची, जमिनीला पाय टेकायच्या आत वाकायचं आणि घसरत जायचं, असं करत सुटलं की वेग मिळतो. म्हणजे शिफ्ट सतत दाबलं जातं. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की 'स्टिकी कीज चालू करू का?' अशी खिडकी तोंडावर येते. ती यायला लागली म्हणून या पठ्ठ्याने स्टिकी कीज बंद करायच्या सोडून वाकायचं बटणच कंट्रोलवर नेलं. आगीतून फुफाट्यात.

कंट्रोलबरोबरचे डब्ल्यू, टी आणि एन हे तीन शॉर्टकट साध्या टॅबमध्ये ब्राउझर गेमला अडवूच देत नाही, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर एखाद्या भामट्या साइटने 'मला बंदच करता येणार नाही' अशी सोय करून घेतली असती. एस आणि डी गेमला अडवता येतात, पण सगळे गेम तेवढी काळजी घेत नाहीत. न घेणाऱ्या गेममध्ये वाकून मागे सरकलात तर पेज सेव्ह करायची खिडकी येते, उजवीकडे सरकलात तर बुकमार्क लागतो. या पोराच्या बुकमार्कमध्ये नंतर वेगवेगळ्या लॉबींच्या, म्हणजे खेळायच्या खोल्यांच्या, लिंकांची रांगच सापडली. पुरावा डोळ्यांसमोर होता, बघितला कोणी नाही.

माझी सवय: वाकणं सी वर. अंगठा स्पेसवर, तर्जनी डी आणि सी यांच्यात. पहिले दोन दिवस बोटं शिव्या देतात, मग विसरतात. शिफ्टच हवं असेल तर विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करा. आणि टॅब उडालाच तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी. गेलेला टॅब परत येतो, मॅच मात्र येत नाही. क्रोमचा टॅब खरंच कोलमडला तर तो गुपचूप जात नाही, तोंड पाडलेल्या चित्राचं पान दाखवतो. गुपचूप गेला असेल तर आधी करंगळीची चौकशी करा, मग रॅमची.

एस्केप दाबून लगेच क्लिक करणे

एस्केप दाबलं की ब्राउझर माउस गेमकडून काढून घेतो. तो परत मिळायला क्रोममध्ये सेकंदभर थांबावं लागतं. नवखे त्या सेकंदात सात क्लिक करतात आणि 'माउस अडकला' म्हणून ओरडतात. अडकला नाही. थांबा.

मॅच चालू असताना दुसरा टॅब

टॅब मागे गेला की ब्राउझर त्याचं चित्र काढणं थांबवतो आणि बाकी कामांनाही लगाम घालतो. तुम्ही व्हॉट्सॲप वेब बघताय, इकडे तुमचा गडी पुतळ्यासारखा उभा. मित्राला मेसेजच करायचा असेल तर फोन आहे ना.

कीबोर्ड मराठीवर राहणे

ही चूक इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगणार नाही, कारण ती आपली आहे. माझा दिवस मराठी टायपिंगमध्ये जातो, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर. एका रात्री लॉबीत शिरलो तर माणूस हलेना. माउस फिरतोय, गोळी सुटतेय, पाय मात्र जमिनीला खिळलेले. पेज रिफ्रेश केलं, ब्राउझर बदलला, कीबोर्डची वायर काढून लावली. इतरांना शहाणपण शिकवणारा मी, पंधरा मिनिटं असाच घाम गाळत होतो. चिडून चॅटमध्ये काहीतरी लिहायला गेलो तेव्हा नुसत्या मात्रा उमटल्या. इनस्क्रिप्टमध्ये डब्ल्यू म्हणजे दोन मात्रा, एस म्हणजे एक मात्रा, ए म्हणजे ओकार आणि डी म्हणजे हलन्त. मी मघापासून पुढे पळत नव्हतो, दोन मात्रा देत होतो.

काही गेम बटणाची जागा पाहतात, त्यांना भाषेशी देणंघेणं नसतं. काही मात्र बटणातून निघालेलं अक्षर पाहतात आणि तिथे आपण फसतो. त्यातून डाव्या ऑल्टबरोबर शिफ्ट दाबलं की विंडोज भाषा बदलतं, म्हणजे खेळता खेळताही हे होऊ शकतं. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. मी ऑल्टचा शॉर्टकट कायमचा काढून टाकलाय. फोनेटिकवाल्यांनी (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी टाइप करणाऱ्यांनी) हसू नये, तुमचंही तेच होणार आहे.

ग्राफिक्स कार्ड झोपलेलं

चांगला लॅपटॉप आणि तरी गेम बैलगाडीसारखा चालत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू आहे का ते बघा. ते बंद असलं की सगळं चित्र बिचाऱ्या प्रोसेसरला काढावं लागतं. 'मी तर बंद केलंच नाही,' असं सगळे म्हणतात. मग आठवतं, मित्रांना डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर पिक्चर दाखवताना पडदा काळा येत होता, तेव्हा कुठल्याशा व्हिडिओत बघून बंद केलं होतं. शिवाय चार्जर लावूनच खेळा. बॅटरी उतरली की क्रोमचा एनर्जी सेव्हर फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी करतो.

सर्व्हर कुठला ते न बघणे

आमचा जर्मनीवाला लॉबी उघडतो ती फ्रँकफर्टला. मुंबईहून फ्रँकफर्ट हवाई अंतराने साधारण ६,५०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी नाकासमोर सरळ टाकली तरी जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल समुद्राच्या तळातून वळसे घेत जाते, त्यामुळे याहून बरेच जास्त. कंपनीने प्लॅन १०० एमबीपीएसचा दिला की ३००चा, यात फरक पडत नाही. क्रंकरमध्ये प्रदेश मुंबई निवडा. सिंगापूरही चालतं. आता जर्मनीवाला आमच्याकडे येतो, जास्त पिंग (माहिती जाऊन-यायचा वेळ) सोसतो आणि तरी पहिला येतो. त्यावर मी बोलत नाही.

पिंग कमी आणि तरी झटके, हा वेगळा आजार. ब्राउझरमधले बरेच गेम सर्व्हरशी वेबसॉकेट नावाच्या जोडणीवरून बोलतात. त्यात माहितीचा एक तुकडा वाटेत हरवला की तो परत येईपर्यंत मागचे सगळे तुकडे रांगेत उभे राहतात. इन्स्टॉल केलेले शूटर गेम सहसा हरवलेला तुकडा सोडून पुढे जातात. म्हणून कच्चं वायफाय ब्राउझरमध्ये जास्त छळतं. मी हॉलमधून खोलीत पंधरा मीटरची लॅन वायर ओढलीय, दाराच्या फटीतून. आई रोज नावं ठेवते. ठेवू दे.

इन्कॉग्निटो, पाहुणे खाते आणि 'हिस्टरी साफ केली'

लॉगिन न करता खेळलात तर तुमची सेटिंग्ज आणि बरीचशी कमाई ब्राउझरच्या पोटातच असते. हिस्टरीबरोबर ते पोट साफ केलं किंवा इन्कॉग्निटोची खिडकी मिटली की गेली.

फ्लॅश मागणारी साइट

फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. आज कोणी 'खेळण्यासाठी फ्लॅश टाका' म्हणत असेल तर तो चोर आहे. टॅब बंद करा. इथे कंट्रोल आणि डब्ल्यू बिनधास्त.

एमबॉटची स्क्रिप्ट

यावर मला राग येतो, तेव्हा थोडं लांबेल. टोळीतला एक अकरावीतला पोरगा, तीन आठवडे सतत तळाला. निशाणा जमत नव्हता, जमायला वेळ लागतो, आणि वेळ कोणाला आहे? चौथ्या शनिवारी हा अचानक भिंतीआडच्यांना टिपायला लागला. मी विचारलं तर 'प्रॅक्टिस केली, दादा'. पुढच्या बुधवारी रडत फोन. खात्यातल्या सगळ्या स्किन (बंदुकांचे आणि गड्यांचे सजवलेले रूप) गायब, पासवर्ड बदललेला.

त्याने कुठल्याशा डिस्कॉर्ड सर्व्हरवरून फुकट एमबॉट, म्हणजे निशाणा आपोआप लावणारा प्रोग्राम, उचलला होता. एक एक्स्टेन्शन टाकायचं आणि त्यात स्क्रिप्ट चिकटवायची. 'सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागितली गेली, याने हो म्हटलं. वाचलंच नव्हतं. गेमच्या पानात चालणारी स्क्रिप्ट तुम्ही जे करू शकता ते सगळं करू शकते. स्किन दुसऱ्याला पाठवणं तर किरकोळ. चाळीस ओळींचा कोड कळत नसताना चिकटवणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन 'जरा पंखा लावून दे' सांगणं.

तरी एक बरं की त्याची आई त्याच ब्राउझरमध्ये वीजबिल भरायची हे आम्हाला लगेच आठवलं. एक्स्टेन्शन काढलं, सगळीकडून लॉगआउट, दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदलले. खातं काही परत आलं नाही. परत आलं असतं तरी चीटिंगसाठी बंद झालंच असतं, आणि मला वाईट वाटलं नसतं.

निशाणा सुधारायचा माझा उपाय कंटाळवाणा आहे. माउसची सेन्सिटिव्हिटी कमी करा, विंडोजमधलं 'पॉइंटर प्रिसिजन' बंद करा, आणि मग महिनाभर तो आकडा बदलू नका. रोज नवा आकडा लावणाऱ्यांचा हात कधी बसत नाही. अगदीच नवे असाल तर आधी शेल शॉकर्स खेळा. अंडी अंड्यांवर गोळ्या झाडतात, वाकायची भानगड नाही, हरलात तर फार तर ऑम्लेट.

तो पोरगा आता नव्या खात्याने येतो. अजून तळालाच असतो, पण मागच्या शनिवारी त्याने मला दोनदा मारलं. तेही टचपॅडवर. टचपॅडवर खेळू नका हे मी त्याला सांगणारच होतो. टायपिंग चालू असताना टचपॅड आपोआप बधिर होतो, त्यामुळे डब्ल्यू दाबून पळताना नजर वळवता येत नाही. त्या दोन मरणांनंतर मात्र म्हटलं, सांगू पुढच्या शनिवारी.