बिअरला नावं ठेवण्याआधी आपलं टेबल तपासा: चाखताना या चुका टाळा

चार-पाच जणांनी जमायचं, सहा क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरींत केलेल्या बिअर) उघडायच्या, चाखून गुण द्यायचे आणि मत लिहायचं, हा प्रकार पुण्या-मुंबईत आता चांगला रुजला आहे. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हा मायक्रोब्रुअरी (जागेवरच थोड्या प्रमाणात बिअर बनवणारी जागा) म्हणजे काय हेच समजावून सांगावं लागे. आज हेफेवायझन (जर्मन गव्हाची बिअर), आयपीए (कडवट, सुगंधी), स्टाउट (गडद, भाजक्या चवीची) ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. चाखायची शिस्त मात्र अजून तितकी अंगवळणी पडलेली नाही. ‘फेसच नाही’, ‘पाणचट लागली’, ‘कसलातरी वास येतो’ असे शेरे सर्रास वाचायला मिळतात. त्यातल्या बऱ्याच शेऱ्यांचं मूळ ब्रुअरच्या टाकीत नसून वाढणाऱ्याच्या स्वयंपाकघरात असतं. ज्यानं महिनाभर खपून बिअर केली, त्याच्यावर आपल्या ग्लासातल्या तेलाचं खापर फोडणं हा सरळ अन्याय आहे.

तेलकट ग्लास

सगळ्यात जास्त बिअर या एका चुकीपायी बदनाम होतात, म्हणून हे नीट वाचा.

बिअरचा फेस टिकतो तो माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) प्रथिनं आणि हॉप्समधली (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांतली) कडू द्रव्यं यांच्या पातळ पापुद्र्यामुळे. तेलाचा किंवा तुपाचा अंश लागला की हा पापुद्रा फाटतो आणि फेस अर्ध्या मिनिटात बसतो. फेस गेला की वास भराभर उडून जातो, आणि चवीचा मोठा भाग वासातूनच येत असल्यामुळे बिअर ‘पाणचट’ वाटू लागते. आपल्या घरात ग्लास ज्या घासणीनं घासतात त्याच घासणीनं फोडणीची कढई घासलेली असते. ताक-लस्सीचे ग्लासही तेच असतात. दिसायला लख्ख, पण बिअरच्या दृष्टीनं अस्वच्छ.

तपासायला मिनिटभर पुरतं. ग्लास साध्या पाण्यातून काढून उपडा धरा. पाणी काचेवर सलग पसरून उतरलं तर ग्लास स्वच्छ. थेंब तुटले, ओघळ पडले तर चिकटपणा आहे. ओल्या ग्लासात आतून बारीक मीठ भुरभुरवूनही बघता येतं. मीठ सगळीकडे सारखं चिकटायला हवं. जिथे चिकटत नाही तिथे तेल आहे. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुड्यांचे पुंजके चिकटून बसले, तरी तेच समजा. स्वच्छ ग्लासात बुडबुडे वर जातात आणि प्रत्येक घोटाबरोबर फेसाचं एक कडं काचेवर मागे राहतं.

इलाज साधा आहे. बिअरच्या ग्लासांची घासणी वेगळी ठेवा. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून त्यानं ग्लास धुवा, तीनदा साध्या पाण्यातून काढा आणि जाळीवर उपडे ठेवून वाऱ्यावर वाळू द्या. फडक्यानं पुसू नका, कारण त्यात धागे असतात आणि स्वयंपाकघराचा वास असतो. वर्तमानपत्रावरही उपडे घालू नका. कोंडलेला कागदी वास थेट नाकात येतो आणि मग कुणीतरी ‘बिअर शिळी आहे’ असं लिहून मोकळं होतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरनं जातात. ओतण्याआधी प्रत्येक ग्लास गार पाण्यातून एकदा काढायचा, हे कधीही चुकवू नये. लिपस्टिक आणि लिप बामही फेस मारतात, तेव्हा ते आधी पुसून या.

ग्लास सगळ्यांना एकाच आकाराचे हवेत. छोटा वाइन ग्लास किंवा ट्युलिप (मधे फुगीर, वर निमुळता ग्लास) उत्तम. एक तृतीयांश भरा म्हणजे वास कोंडायला जागा राहते. स्टीलचा पेला, कागदी कप आणि थेट बाटलीतून पिणं यांचा चाखण्याशी संबंध नाही. फ्रीझरमध्ये गोठवलेला मगही नको.

गव्हाच्या बिअरची वाटणी

एका घरगुती बैठकीत हेफेवायझनच्या एकाच बाटलीवरून पाच जणांचं चांगलं वाजलं. पहिल्या दोघांनी ‘हलकी, जवळजवळ लागरसारखी, काही विशेष नाही’ असं लिहिलं (लागर म्हणजे नेहमीची नितळ, सौम्य बिअर). शेवटच्याच्या कागदावर ‘फार गढूळ, यीस्टचा कडवट थर, केळं आणि लवंग अंगावर येतात’ असं होतं. मधले दोघं मधेच कुठेतरी. पाचात दोन ते चार असे गुण पसरलेले, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या जिभेला दोष देतोय. जिभा पाचही जणांच्या ठीक होत्या. पाचही ग्लासांत वेगवेगळी बिअर होती.

कारण ओतण्यात आहे. न गाळलेल्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्ट आणि प्रथिनं तळाशी बसतात. बाटली हळूच उघडून एकेक ग्लास भरत गेलं की पहिल्याला वरची नितळ बिअर मिळते आणि शेवटच्याला सगळा गाळ. एकट्यानं अख्खी बाटली एका उंच ग्लासात ओतायची असते तेव्हा शेवटचा थोडा भाग बाटलीत हेलकावून यीस्टसकट वर घालतात. पण ती पद्धत एका ग्लासाची; पाच जणांत वाटताना तीच वापरली की घोटाळा होतो.

वाटायची असेल तर बाटली न उघडता आडवी करून दोन-तीनदा सावकाश लोळवा, मिनिटभर उभी ठेवा, मग उघडा. प्रत्येक ग्लासात आधी अर्धा वाटा एका टोकाकडून ओता, उरलेला अर्धा दुसऱ्या टोकाकडून उलट येत ओता. घाई असेल तर धुतलेल्या काचेच्या जगमध्ये अख्खी बाटली एकदम रिकामी करून वाटा. थोडा वायू जाईल, पण सगळ्यांच्या समोर एकच बिअर असेल. बाटलीत दुय्यम आंबवणी झालेल्या बेल्जियन प्रकारांत मात्र बरेच जण तळाचा गाळ बाटलीतच ठेवतात. काहीही करा, सगळ्यांसाठी सारखं करा.

आणि विटबिअरमध्ये (बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये) लिंबाची फोड पिळू नका. त्यात धणे आणि संत्र्याची साल ब्रुअरनं आधीच घातलेली असते. फोडीमुळे ती दबते आणि लिंबाच्या सालीतलं तेल फेसही बसवतं.

क्रम आणि माप

सुरुवातच डबल आयपीएनं (आणखी कडवट आणि कडक आयपीएनं) करणारे उत्साही प्रत्येक बैठकीत असतात. ‘जी चांगली आहे ती आधी उघडू’ हा त्यांचा युक्तिवाद. त्या एका ग्लासानंतर पिल्सनरसारख्या हलक्या लागरला चव उरत नाही आणि तिचे गुण फुकट जातात. क्रम असा ठेवा: पिल्सनर किंवा कोल्श, मग विटबिअर आणि हेफेवायझन, मग पेल एल, मग आयपीए, मग पोर्टर-स्टाउट, आणि शेवटी जास्त मद्यार्काच्या किंवा पिंपात मुरवलेल्या बिअर. आंबट बिअर गव्हाच्या बिअरनंतर आणि हॉप्सच्या आधी. मिरची किंवा धुराची बिअर असेल तर सगळ्यात शेवटी, तिच्यामागे काहीही नको.

माणशी एका बिअरचे ६० ते ७५ मिली पुरे. ३३० मिलीची बाटली चार-पाच जणांत सहज जाते. सहा बिअर म्हणजे माणशी साधारण ३६० ते ४५० मिली. सहाच्या पुढे गेलात की कागदावर फक्त विशेषणं वाढतात. दहा-बारा बाटल्या एका संध्याकाळी उरकण्याची हौस असेल तर तिला पार्टी म्हणा आणि गुण देऊ नका. परतीला रिक्षा किंवा कॅब.

पबमध्ये छोट्या ग्लासांचा सँपलर मागवला की सहाही एकदम येतात. सहाव्यापर्यंत पोचेस्तोवर ती कोमट आणि बसलेली असते. दोन-दोन करून मागा. बहुतेक ठिकाणी विनंती ऐकतात.

तापमान

घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो. पिल्सनरला ते ठीक. गव्हाची बिअर ६ ते ८, आयपीए ७ ते १०, स्टाउट १० ते १३ अंशांवर बोलायला लागते. बर्फगार स्टाउटमध्ये फक्त कडवटपणा आणि गारवा कळतो. कॉफी, चॉकलेट, भाजलेला माल्ट सगळं झाकलं जातं. ७५ मिली बिअर तळव्यात दोन-तीन मिनिटं धरली की पुरेशी उबदार होते, वेगळी खटपट लागत नाही. उलट बाटली कोमट असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत वीसेक मिनिटं बुडवा. फ्रीझरमध्ये ठेवलेली बाटली विसरली जाते आणि फुटते.

फरसाण, अत्तर, सिगारेट

चकली, शेव, मसाला शेंगदाणे, लिंबू पिळलेला कांदा: हे सगळं चाखणं संपल्यावर. तिखटावर मद्यार्क आणि वायू आला की जळजळ वाढते, आणि ओठांवरचं तेल ग्लासात उतरतं. मधल्या वेळात साधा पाव, बिनतिखटाचे कुरमुरे आणि गार नसलेलं पाणी. अत्तर, उदबत्ती, सिगारेट खोलीबाहेर.

आधी बोलणं, मग लिहिणं

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही सवय अशा बैठकीचं दुसरं मोठं नुकसान करते. एकानं मोठ्यानं ‘लवंग!’ म्हटलं की पुढच्या मिनिटाला सगळ्यांना लवंग लागते. नवशिके यात सगळ्यात आधी अडकतात, कारण आपलं नाक चुकीचं असेल अशी त्यांना धास्ती असते. वास्तविक नव्या नाकाला कळलेली गोष्ट तितकीच कामाची असते.

नियम एकच ठेवा: ओतल्यापासून पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. आधी वास, दोन-तीन छोट्या हुंगण्यांत. नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. मग रंग आणि फेस. मग घोट, तोंडभर फिरवून गिळायचा. बिअर वाइनसारखी थुंकत नाहीत, कारण कडवटपणाची शेपटी गिळल्यावरच कळते. मग लिहायचं. मग बोलायचं, आणि सगळ्यात जाणत्या माणसानं सगळ्यात शेवटी बोलायचं.

बाटल्या दिसू देऊ नका. एकानं आत ओतून ग्लासांना आकडे द्यावेत. ‘मला फरक लगेच कळतो’ असं म्हणणाऱ्यासमोर तीन ग्लास ठेवा, दोनांत एकच बिअर आणि तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानंही तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून हे तीन-चार वेळा करून बघा.

गुण कशाला देताय?

हेफेवायझनमध्ये केळं लागलं म्हणून गुण कापणं चूक आहे. ते त्या यीस्टचं कामच आहे. गडद म्हणजे कडक हाही गैरसमज सोडा. काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्के मद्यार्काची असते, तर आपल्याकडच्या पिवळ्याधमक ‘स्ट्राँग’ बिअर ८ टक्क्यांपर्यंत जातात.

पाच तारे देण्यापेक्षा बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची ५० गुणांची विभागणी वापरा: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण ठसा १०. रूपाला फक्त ३ आहेत हे फोटोसाठी दहा मिनिटं फेस घालवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

खरा दोष कसा ओळखायचा

ग्लास, तापमान, क्रम सगळं नीट असूनही खटकलं, तर मगच बिअरकडे वळा. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास म्हणजे डायअसेटिल, आंबवणीत तयार होणारं एक द्रव्य. ग्लास तळव्यात गरम केला की तो उठून दिसतो. काही झेक लागरमध्ये थोडासा चालतो. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड हे गंधकाचं संयुग). हिरव्या सफरचंदाचा वास बहुधा बिअर कोवळी असताना काढल्याचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन आणि उष्णता यांनी शिळी केलेली. उग्र गंधकी दर्प म्हणजे उन्हानं मारलेली. तपकिरी काच बरंच वाचवते, हिरवी आणि पारदर्शक फारसं नाही.

यातले शेवटचे दोन दोष बहुतेकदा दुकानातले किंवा गाडीच्या डिकीतले असतात. पबमध्ये लोणी आणि आंबटपणा एकत्र आले तर नळाची नळी धुतलेली नसण्याची शक्यता धरा. ग्राउलर (पबमधून बिअर घरी न्यायची मोठी बाटली) भरून आणला असेल तर तो गार ठेवून एक-दोन दिवसांत संपवा आणि उघडल्यावर त्याच दिवशी. चौथ्या दिवशी उघडून त्याचं परीक्षण लिहू नका.

दोष सापडला की दुसऱ्या ठिकाणाहून, दुसऱ्या बॅचची बाटली आणून पुन्हा चाखा. परीक्षणात पॅकिंगची तारीख, कुठून घेतली, फ्रीजमधली होती की उघड्या फळीवरची, आणि किती अंशांना चाखली हे लिहा. आयपीए तीन महिन्यांहून जुनी असेल तर हॉप्सबद्दलच्या तक्रारीशेजारी ती तारीख असायलाच हवी.