प्रिंटर ढिम्म बसला की आधी रांग बघा

मी घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. रविवारी चाचणी, आणि शनिवारी रात्री साडेदहाला प्रिंटर ढिम्म. दिवा हिरवा, ट्रेमध्ये कागद, स्क्रीनवर मात्र 'ऑफलाइन'. लेक पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, ड्रायव्हर उडव आणि परत टाक." ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधला दुभाषी प्रोग्राम. तो घाईघाईत टाकला. काही उपयोग झाला नाही.

तेव्हा ड्रायव्हरला हात लावण्याआधी रांग, म्हणजे प्रिंटसाठी पाठवलेल्या कामांची यादी बघा. आपण वैतागून चारदा प्रिंट दाबतो; पहिलं काम अडकलं की मागची तीनही अडकतात आणि डिलीट म्हटलं तरी हलत नाहीत. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, 'प्रिंट स्पूलर'वर (ही रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) राइट क्लिक करून 'स्टॉप' करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत जा. त्या फोल्डरमधल्या फाइल्स पुसायच्या, फोल्डर नाही. स्पूलर परत 'स्टार्ट' करा.

रांग गेली, ऑफलाइन तसंच. मग यादीत नीट पाहिलं, तर एकाच नावाचे दोन प्रिंटर, एकापुढे 'कॉपी १'. दुपारी टेबल पुसताना निघालेली केबल मी दुसऱ्याच यूएसबी पोर्टमध्ये खोचली होती. काही प्रिंटर पोर्ट बदलला की विंडोजला नवेच वाटतात. माझी कामं जुन्या, रिकाम्या पोर्टकडे चालली होती! 'कॉपी १' डीफॉल्ट केला आणि कागद सरकला.

पण त्यावर नुसती चिन्हं आणि चौकोन. हा मात्र खरा ड्रायव्हरचा घोळ, आणि तो माझाच. मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षर न बघता मी भावंड मॉडेलचा ड्रायव्हर टाकला होता.

इथे बरेच जण फसतात. सेटिंग्जमधून 'रिमूव्ह' केलं की यादीतला प्रिंटर जातो, ड्रायव्हर आतच राहतो, आणि केबल लावली की तोच परत येऊन बसतो. म्हणून आधी केबल काढा. दोन्ही प्रिंटर रिमूव्ह करा. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'च्या पानावर खाली 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' आहे; त्यात 'ड्रायव्हर्स' टॅबमध्ये आपलं मॉडेल निवडून 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' करा. 'वापरात आहे' म्हणून अडला, तर स्पूलर रीस्टार्ट करून लगेच पुन्हा करा. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट. सेटअप कंपनीच्याच साइटवरून घ्या, मागच्या लेबलवरचं पूर्ण मॉडेल बघून. आणि केबल सेटअप सांगेल तेव्हाच लावा, आधी नाही.

वायफायवाल्यांचं दुखणं वेगळं: लाइट जाऊन आली की राउटर कधीकधी प्रिंटरला नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. राउटरमध्ये तो आयपी प्रिंटरसाठी राखून ठेवा.

सव्वाबाराला अठरा प्रती निघाल्या. सकाळी कॉम्प्युटरच्या मागे, केबलच्या पोर्टशेजारी नेलपेंटचा लाल ठिपका दिला.