कोड रिव्ह्यूत त्याच त्या चुका निघतात? चुकांची वही ठेवा

नल (null, म्हणजे रिकामी व्हॅल्यू) तपासायचं राहिलं, लूप एक फेरी जास्त फिरला, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि आयएसटीचा (भारतीय वेळेचा) घोळ झाला. कोड रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्याकडे तपासायला, टाकला की दर वेळी हेच. यावर टूल विकत घ्यायला नको, साधी वही किंवा एक्सेल शीट पुरते.

१. बग सापडला की तिथल्या तिथे एक ओळ लिहा: "१२ जून, टाइमझोन, कोडिंगमध्ये घुसला, टेस्टिंगमध्ये सापडला, ४० मिनिटं गेली." संध्याकाळी लिहू म्हणालात तर राहिलंच म्हणून समजा.

२. महिन्याभराने प्रकार मोजा. सगळ्यात जास्त वेळ खाणारे चार-पाच घेऊन चेकलिस्ट करा. नेटवरची तयार चेकलिस्ट नको, तिच्यात दुसऱ्यांच्या चुका असतात.

३. कोड लिहून झाला की चहा घेऊन या. मग टेस्ट चालवण्याआधी तो वाचा, एका फेरीत चेकलिस्टचा एकच मुद्दा धरून. दोन तास लिहायला लागले असतील तर निदान एक तास वाचायला द्या. वेग तासाला २०० ओळींच्या आत ठेवा. सॉफ्टवेअर तज्ज्ञ वॉट्स हम्फ्री यांच्या पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेसमध्येही (प्रोग्रामरने स्वतःचं काम मोजून सुधारायची पद्धत) हेच प्रमाण आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून मोबाइलवर चाळलेला कोड यात धरू नका.

एक सांभाळा: वहीतले आकडे मॅनेजरकडे जाऊ देऊ नका. अप्रेझलमध्ये ते निघणार असं कळलं की माणूस बग लिहायचाच बंद होतो. टीमला काही द्यायचंच असेल तर चेकलिस्ट द्या.