एमएस शिकताना आधी डोळा, मग एमआरआय

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, शिकताना पहिलं वर्ष मी एमआरआयवर मेंदूतले पांढरे डाग मोजण्यात घालवलं. एका रुग्णाच्या एमआरआयमध्ये डाग अगदी थोडे होते, तक्त्यावर नजर 6/6. मी ‘दृष्टी उत्तम’ लिहून मोकळी झाले. उजव्या डोळ्याला लाल रंग विटल्यासारखा दिसतो, असं ती दोनदा म्हणाली होती. ते मी कागदावर उतरवलंच नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगते: आधी एक लाल टोपण घ्या. एकेक डोळा झाकून दोन्हींनी रंग सारखाच दिसतो का, ते विचारा.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चेतातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावरच उलटते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या ऑप्टिक नर्व्हला सूज आली (ऑप्टिक न्यूरायटिस) की डोळा हलवताना दुखतं, रंग फिके पडतात, नजर धूसर होते. बहुतेकांना काही आठवड्यांत बरंच दिसू लागतं, पण नर्व्ह पूर्वीसारखी झालेली नसते. काळीभोर अक्षरं सहज वाचणारा माणूस फिकट अक्षरांच्या तक्त्यावर अडखळतो. व्हीईपीमध्ये, म्हणजे डोळ्याला चित्र दाखवून मेंदूचा विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या तपासणीत, मेंदूच्या मागच्या भागातला प्रतिसाद साधारण 100 मिलिसेकंदांना उमटायला हवा. त्या रुग्णाची व्हीईपी मी पुढे केली, तेव्हा उजव्या डोळ्याचा आकडा 128 आला.

ओसीटी, म्हणजे प्रकाशाने रेटिनाच्या थरांची जाडी मोजणारी तपासणी, मन लावून शिका. रेटिनातल्या चेतातंतूंवर मायलिन नसतंच, त्यामुळे त्यांचा थर पातळ झाला म्हणजे तंतूच गेले. मात्र घाई नको: सुरुवातीला सुजेमुळे थर उलट जाड दिसू शकतो, पातळपणा कळायला काही महिने जातात.

एमआरआयचं मोल यानं कमी होत नाही. ऑप्टिक न्यूरायटिसच्या गाजलेल्या चाचणीत सुरुवातीला मेंदूत एकही डाग नसलेल्यांपैकी 25 टक्क्यांना 15 वर्षांत एमएस झाला. एक जरी डाग असलेल्यांत हे प्रमाण 72 टक्के होतं. वेंट्रिकलला, म्हणजे मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीला, काटकोनात असलेले लंबगोल डाग, म्हणजे डॉसन्स फिंगर्स, फ्लेअर या एमआरआयच्या प्रकारावर ओळखता आलेच पाहिजेत. पण मेंदूच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये ऑप्टिक नर्व्ह नीट दिसत नाही. भोवतीच्या चरबीचा सिग्नल दाबून डोळ्याच्या खोबणीचे वेगळे, पातळ छेद घ्यावे लागतात. एमएसच्या निदानासाठीच्या मॅकडोनल्ड निकषांच्या 2024च्या आवृत्तीत ऑप्टिक नर्व्ह हे आजाराच्या खुणा शोधण्याचं पाचवं स्थान धरलं आहे, तेव्हा आता ती वगळून चालणार नाही.

एमआरआयच्या मागणीपत्रावर नुसतं ‘एमएस?’ लिहू नका. कोणता डोळा, कधीपासून, हलवताना दुखतो का, लाल कसा दिसतो, हे चार शब्दांत लिहा. रेडिओलॉजिस्ट खोबणीचे छेद घेईल, ते त्यावरूनच.