रानातल्या वनस्पतींची स्कॉटिश जिन: या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी बॉग मर्टलच्या प्रेमात पडलो. स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ भागातल्या पाणथळ माळांवर हे कमरेएवढं झुडूप वाढतं. पान चुरगळलं की राळ, निलगिरी आणि तमालपत्र यांच्या मधला वास हाताला लागतो आणि संध्याकाळपर्यंत जात नाही. हॉप्स ही कडवट फुलं रुळण्याआधी उत्तर युरोपात बिअरमध्ये ही पानं घालत. मी लिटरमागे 4 ग्रॅम वाळलेली पानं घातली. उतरली ती जिन खोकल्याच्या औषधासारखी लागत होती आणि जिनला तिची ओळख देणाऱ्या जुनिपरच्या फळाचा मागमूस नव्हता. आज तेच पान मी लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आत ठेवतो, तरी ते स्पष्ट ओळखू येतं.

इन्व्हर्नेसच्या परिसरातल्या एका परवानाधारक छोट्या डिस्टिलरीत मी चाचणीच्या बॅच काढतो, दोन लिटरच्या काचेच्या भांड्यात. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

कायद्याचं मात्र सगळ्यात आधी. ब्रिटनमध्ये महसूल खात्याच्या परवानगीशिवाय घरी स्टिल, म्हणजे दारू उतरवायचं यंत्र, चालवणं गुन्हा आहे, अगदी स्वतःला प्यायला काढली तरी. महाराष्ट्रातही दारूबंदी कायद्याखाली तो गुन्हाच आहे. घरी करायचंच असेल तर ब्रिटनमध्ये मार्ग एकच: कर भरलेली व्होडका विकत आणून तिच्यात जुनिपर आणि बाकीचे घटक भिजवायचे, गाळायचे आणि घरीच प्यायचे. चव अशीही चांगली येते, रंग मात्र पिवळसर राहतो.

जुनिपर कुठे गेलं?

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी तक्रार हीच. बाटलीत सुगंध भरपूर असतो, पण ती जिन वाटत नाही. इथल्या नियमानुसार जिनमध्ये जुनिपरची चव वरचढ हवी आणि अल्कोहोल किमान 37.5 टक्के. हे जुनिपर आपल्याला परकं नाही. काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर म्हणून मिळतं ते हेच, संस्कृतात हपुषा. गोव्यातल्या एका कंपनीने हिमालयातलं जुनिपर वापरून काढलेल्या जिनला हपुषा हेच नाव दिलं आहे.

माझा पाया असा: 50 टक्क्यांवर आणलेल्या एका लिटर न्यूट्रल स्पिरिटमध्ये (स्वतःचा वास-चव जवळपास नसलेलं अल्कोहोल) 20 ग्रॅम जुनिपर, 10 ग्रॅम धणे, दीड ग्रॅम अँजेलिकाचं मूळ. हे रात्रभर भिजवून उतरवा आणि आधी हीच साधी जिन नीट जमवा. मग एका वेळी एकच रानटी वनस्पती घाला. आयलाच्या बेटावरची बोटॅनिस्ट जिन 22 स्थानिक वनस्पती वापरते हे वाचून लोक पहिल्याच बॅचमध्ये पंधरा-सोळा गोष्टी टाकतात. त्या 22 च्या मागे जुनिपर, धणे यांसारख्या 9 पारंपरिक घटकांचा कणा आहे, हे मात्र वाचायचं राहून जातं. स्पेसाइडमधली ‘करून’ (Caorunn) नावाची जिन फक्त पाच स्थानिक घटकांवर उभी आहे: रोवन या झाडाची लाल फळं, हेदर हे माळावरचं जांभळ्या फुलांचं झुडूप, बॉग मर्टल, डँडेलियन आणि कूल ब्लश नावाचं सफरचंद. नवख्याला पाचसुद्धा जास्तच.

त्याच ओघात आणखी एक हट्ट येतो, की जुनिपरही स्कॉटलंडचंच हवं. इथल्या डोंगरांवर ते वाढतं हे खरं, पण त्याचं क्षेत्र आक्रसत चाललं आहे. त्यात फायटोफ्थोरा ऑस्ट्रोसीड्री हा रोग झुडपंच्या झुडपं तपकिरी करून मारतो, आणि तो बुटाला चिकटलेल्या मातीतूनही पसरतो. फळ पिकायला दोन वर्षं किंवा अधिक लागतात, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी आणि निळी-काळी फळं शेजारी असतात. घाईत हिरवी तोडली की जिनला टर्पेंटाइनचा वास येतो. स्कॉटलंडमधल्या कितीतरी नामवंत जिनमध्येही जुनिपर इटली किंवा बाल्कन देशांतून येतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. जुनिपर विकत घ्या, डोंगरावरचं डोंगरावर राहू द्या. जुनिपरच्या भागात जाऊन आलात तर बूट घासून, धुऊन, सुकवूनच पुढच्या डोंगरावर जा.

ओळखीत ‘बहुतेक’ चालत नाही

इथे मी कडक बोलणार आहे. स्वीट सिसली ही बडीशेपेच्या वासाची सुंदर वनस्पती नदीकाठी उगवते. हेमलॉक त्याच कुळातलं, तशीच पिसांसारखी पानं, तशीच पांढऱ्या फुलांची छत्री, आणि जीवघेणं विष. सिसलीच्या खोडावर मऊ लव असते आणि पान चुरगळलं की गोड बडीशेप दरवळते. हेमलॉकचं खोड गुळगुळीत, त्यावर जांभळे डाग, आणि वास उंदराच्या बिळासारखा. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओढ्यांत वॉटर ड्रॉपवर्ट नावाचा याहून जहाल भाऊबंदही असतो.

‘उतरवलं की विष मागे राहतं’ असं काही जण ठामपणे सांगतात. हेमलॉकमधलं कोनीन हे विष वाफेबरोबर वर येतं. त्या भरवशावर कधीही राहू नका. पाइनचे कोवळे शेंडे गोळा करतानाही असंच. चर्चच्या आवारात उभा असणारा यू हाही सूचिपर्णीच, आणि त्याची पानं नि बिया विषारी. गॉर्स या पिवळ्या फुलांच्या झुडपाची खात्री मात्र काटे देतात. तितक्याच पिवळ्या, विषारी लबर्नमला काटे नसतात आणि त्याचे घोस खाली लोंबतात.

माझा नियम असा: पहिल्या वर्षी वनस्पती फक्त पाहायची, फुलापासून बीपर्यंत. तोडायची दुसऱ्या वर्षी, तीही जाणत्या माणसाला दाखवून.

परवानगीचंही इथेच सांगतो. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने कुणाच्याही माळावरून जबाबदारीने फिरायचा हक्क दिला आहे. पण विक्रीसाठी काही तोडून नेणं त्या हक्कात बसत नाही, त्यासाठी जमीनमालकाची संमती लागते. संमतीशिवाय कुठलीही रानटी वनस्पती मुळासकट उपटणं 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून अँजेलिकाचं मूळ मी विकतच आणतो. व्यवसायासाठी समुद्री शैवाल काढायचं तर बहुतेक ठिकाणी क्राउन इस्टेट स्कॉटलंड या सरकारी संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड शोधा. गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा लाइम रोग इथे खरोखर होतो.

वाफेबरोबर वास येतो, चव नाही

हे समजायला मला फार वेळ लागला. शुगर केल्प हे शैवाल घातलं की जिन खारट होईल, रोवनच्या फळांनी आंबट होईल, हेदरच्या मधाने गोड होईल असं वाटतं. मीठ, साखर, फळांतली आम्लं आणि रंग, यातलं काहीच वाफ होत नाही. ते सगळं भांड्याच्या तळाशी राहतं. आयल ऑफ हॅरिसच्या जिनमधलं शुगर केल्प पाणबुडे हाताने कापून आणतात, पण ग्लासात जो समुद्र जाणवतो तो सुगंधातून. म्हणून ‘खारटपणा येत नाही’ म्हणत केल्प वाढवत नेलं तर मिळतो तो मासळीबाजाराचा वास. मी वाळलेलं केल्प लिटरला एक ग्रॅमपासून सुरू करतो.

आंबटपणा किंवा रंग हवाच असेल तर फळं नंतर भिजवा. मग मात्र लेबलवर लंडन ड्राय लिहिता येणार नाही. त्या प्रकारात उतरवल्यानंतर पाणी, स्पिरिट आणि लिटरमागे 0.1 ग्रॅमपर्यंत साखर, एवढंच चालतं. भिजवायची रोवनची फळं आधी शिजवून घ्या. कच्च्या फळातल्या पॅरासॉर्बिक आम्लाने पोट बिघडतं.

कधी तोडलं, किती सुकवलं

एप्रिल-मे महिन्यात उन्हं तापली की गॉर्सच्या टेकडीवर ओल्या नारळाचा वास सुटतो. कोकणातल्या माणसाने डोळे मिटले तर परसात कुणीतरी नारळ खवत बसलंय असं वाटेल. हा वास काही तासांत उडतो. सकाळी तोडलेली फुलं दुसऱ्या दिवसापर्यंत पिशवीत राहिली तर नारळ जाऊन वैरणीचा वास उरतो. मी स्पिरिटची बरणी बरोबरच नेतो आणि फुलं तिथेच बुडवतो.

मेडोस्वीट उलट स्वभावाची. जुलैमध्ये ओल्या कुरणांत तिचे साय रंगाचे तुरे फुलतात, वास मध आणि बदामाचा, आणि सावलीत वाळवल्यावरही तो छान टिकतो. पण दव असताना तोडली की तपकिरी पडते. पानं-देठ जास्त गेले किंवा प्रमाण वाढलं तर जिनला गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास येतो. कारण सरळ आहे: मलमातल्या गंधपुऱ्याच्या तेलातली सॅलिसिलेट्स या वनस्पतीतही असतात. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती टाळावी.

लेडीज बेडस्ट्रॉसारख्या ताज्या गवताच्या वासाच्या वनस्पती पूर्ण सुकवाव्याच लागतात. त्यांच्यातल्या कूमरिनचं बुरशीमुळे रक्त पातळ करणाऱ्या द्रव्यात रूपांतर होऊ शकतं. बुरशीची शंका जरी आली तरी सगळी जुडी फेका.

आणि वजन. ताज्या फुलाचं बहुतेक वजन पाण्याचं असतं, तरी पाककृतीतल्या ‘10 ग्रॅम हेदर’समोर ताजं की वाळलेलं हे कुणी लिहीत नाही. यंदाची जिन गेल्या वर्षीसारखी का नाही, याचं उत्तर निम्म्या वेळा इथे सापडतं. उरलेल्या निम्म्या वेळा उन्हाळाच वेगळा असतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक वनस्पतीचा अर्क वेगळा उतरवून ठेवायचा आणि शेवटी नाकाने जुळवायचा.

पहिली धार आणि शेवटची

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे सगळ्यात कडक, मानाची. जिनमध्ये पहिली धार बाजूला काढतात. माझ्या एका लिटरच्या भरणातले पहिले 10 मिली मी वेगळे करतो. तयार न्यूट्रल स्पिरिटमध्ये मिथेनॉल या विषारी अल्कोहोलचं भय सहसा नसतं, पण आधीच्या बॅचची नळीत बसलेली तेलं आणि नाकाला झोंबणारा उग्रपणा या थेंबांत असतो.

खरी गडबड शेवटाला होते. आधी लिंबूवर्गीय वास येतात, मग जुनिपर आणि फुलं, मग मुळं नि मसाले, आणि त्यानंतर उकडलेल्या भाजीचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास. ‘अजून थोडं निघेल’ म्हणत थांबलं की तो सगळ्या बॅचमध्ये उतरतो. धार 60 टक्क्यांच्या आसपास आली की मी दर 20 मिलीला पेला बदलतो आणि हुंगतो. जिथे शंका येते तिथे थांबतो.

शिजल्याचा वास सुरुवातीपासूनच येत असेल तर आच जास्त आहे किंवा फुलं तळाला लागली आहेत. नाजूक फुलं द्रवात न बुडवता वाफेच्या वाटेवर जाळीत ठेवा. थंड पाणी सुरू केल्याशिवाय आच कधीही लावू नका. स्पिरिटची निसटलेली वाफ पेट घेते.

जिन दुधाळ झाली

डेटॉल पाण्यात टाकल्यावर जे होतं तेच इथे होतं. तेलं तीव्र अल्कोहोलमध्ये विरघळलेली असतात, पाणी वाढलं की ती बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतात. पिण्यात धोका नाही, पण कारण शोधायला हवं. आधी परीक्षा करा: थोड्या जिनमध्ये तीव्र स्पिरिटचे काही थेंब घाला. निवळली तर तेलच.

तेल असेल तर जुनिपर आणि लिंबाची साल थोडी कमी करा, शेवटची धार लवकर तोडा, किंवा बाटलीतली तीव्रता वाढवा. हॅरिसची जिन 45 टक्के, बोटॅनिस्ट 46 टक्के. त्या तीव्रतेला तेलं विरघळलेली राहतात. पाणी एकदम ओतू नका; मी दोन दिवसांत थोडं थोडं घालतो. थंड करून गाळल्यावर जिन नितळ होते, पण सुगंधही त्या गाळणीत अडकतो, म्हणून तो माझा शेवटचा उपाय.

काही आठवड्यांनी तळाशी पांढरे कण बसले तर ते तेल नसून पाण्यातले क्षार असतात. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी वापरायचा मोह मलाही झाला होता. आता क्षारमुक्त पाणीच.

पाणी किती घालायचं याचा साधा हिशेब चुकतो, कारण 500 मिली अल्कोहोल आणि 500 मिली पाणी मिळून लिटर भरत नाही, साधारण 965 मिली होतं. शेवटची मोजणी अल्कोहोलमीटरने, 20 अंश तापमानाला. आणि साखर घातलेल्या जिनमध्ये हे मीटर चुकीचा आकडा दाखवतं.

लगेच निकाल देऊ नका

एकदा मेडोस्वीट आणि गॉर्सची बॅच उतरवल्या दिवशीच चाखली. कडवट, तुटक, प्रत्येक वास वेगळा ओरडत होता. ओतून दिली. नमुन्याची 100 मिलीची बाटली तेवढी फडताळात राहिली. पाच आठवड्यांनी उघडली तेव्हा नारळ, मध आणि जुनिपर इतके एकजीव झाले होते की मी बराच वेळ ग्लास खाली ठेवला नाही. वहीत त्या दिवशीच्या फुलांचं वजन मी लिहिलेलं नव्हतं. तीन उन्हाळे झाले, ती जिन पुन्हा जमलेली नाही. आता प्रत्येक बॅचचा नमुना ठेवतो, तीन आठवड्यांनी चाखतो आणि वहीत जागा, तारीख, हवामान, ताजं वजन, वाळलेलं वजन लिहूनच आच लावतो.