दोन जुन्या गाड्यांची तुलना: पॉवरच्या आधी वजन बघा

दोन जुन्या गाड्यांतली कुठली घेऊ, असं विचारणारे हमखास पॉवरचे आकडे पुढे करतात. "ही ८५ची आहे, ती ७५चीच." मी आधी वजन विचारतो. ८५ पीएसची (पीएस म्हणजे पॉवर मोजायचं एकक, साधारण हॉर्सपॉवरएवढंच) गाडी १,२५० किलोची असेल आणि ७५ची ९५० किलोची, तर पहिलीला टनामागे ६८ पीएस पडतात, दुसरीला ७९. कागदावर कमी दिसणारी गाडीच जास्त चपळ निघते. वजन मात्र दोन्हींचं कर्ब वेटच, म्हणजे रिकाम्या गाडीचंच घ्या. ग्रॉस वेटमध्ये माणसं आणि सामानही धरलेलं असतं. एककंही एकसारखी करून घ्या: १ किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ पीएस, आणि टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) किलोग्रॅम-मीटरमध्ये दिला असेल तर ९.८ने गुणा, म्हणजे न्यूटन-मीटर मिळतील.

टॉर्क नुसता किती हे बघून भागत नाही, तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो ते बघा. माझ्या मते रोजच्या वापरात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. ११० न्यूटन-मीटर ४,५०० आरपीएमला देणारं पेट्रोल इंजिन आणि १९० न्यूटन-मीटर २,०००लाच देणारं टर्बो डिझेल, यांची कमाल पॉवर जवळपास सारखी असू शकते. पण गाडी भरलेली असताना चढावर पेट्रोल गाडीचा गिअर सारखा खाली टाकावा लागेल.

हे सगळे आकडे गाडी नवी होती तेव्हाचे. आज त्यातलं किती उरलंय, ते रस्त्यावर कळतं. एकाच दिवशी, एकाच सपाट मोकळ्या रस्त्यावर, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरून आणि एसी बंद ठेवून दोन्ही गाड्या तिसऱ्या गिअरमध्ये ४०वरून ८०पर्यंत न्या. वेळ शेजारी बसलेल्याने मोजायची. जाताना आणि येताना मोजून सरासरी काढा, म्हणजे उतार-वाऱ्याचा फायदा निघून जातो. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघा, कारण कुणी मोठे टायर बसवले असतील तर स्पीडोमीटर कमी दाखवतो. दोघींचे गिअर सारखे नसतात, म्हणून हेच चौथ्यातही करा. इंजिन ओरडतंय, आरपीएम चढतोय, पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय.

चाचणीला जाण्याआधी मात्र इंजिन थंड हवं. विकणाऱ्याला तसं आधीच सांगा आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम इंजिन पटकन सुरू होतं आणि बरेच दोष झाकले जातात. थंड इंजिन सुरू करताना मागे निळा धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील, गेल्याची शंका घ्या.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. टायमिंग बेल्टचं (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) इंजिन असेल तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून तो खर्च त्या गाडीच्या किमतीत मिळवा.

तरीही दोघींत निवड होत नसेल तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एकच सिलिंडर १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर ती गाडी सोडा, मग कागदावर तिची पॉवर कितीही असो.