मिसिंग कुठल्या सिलिंडरचं, ते घरीच ओळखा

जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० पावसाळ्यात सकाळी थरथरते, चढावर दम टाकते, दुपारी ऊन पडलं की मात्र सरळ चालते? हे मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पहिला संशय प्लगला ठिणगी देणाऱ्या करंटवर घ्या. कार्ब्युरेटर उघडायची घाई नको.

रात्री अंगणातला दिवा मालवा, इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली बघा. प्लगच्या वायरींवर निळसर ठिणग्या दिसल्या, तर करंट तिथेच गळतोय. हात लावू नका, झटका सणसणीत बसतो. मग इंजिन बंद करून डेल्कोची, म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी काढा. आत नुसती ओल असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर टोपी बदलायचीच. घासूनपुसून भागत नाही.

ठिणगी दिसलीच नाही, तर इंजिन बंद असतानाच एका प्लगची वायर काढा. तिच्या टोकाला जादा प्लग लावून तो इंजिनच्या धातूला पक्का टेकवा, पेट्रोलच्या नळीपासून लांब. काही सेकंदच स्टार्ट करा. थरथर वाढली तर तो सिलिंडर ठीक. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच! तिन्ही असे तपासा, पण वायर एका वेळी एकच काढा, नाहीतर क्रम चुकतो.

आता त्याचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंग शेजारी सरकलं तर प्लग बाद. जागीच राहिलं तर दुसरी वायर लावून बघा. तरीही तेच, तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या.